सुचवलेली मालिका दुसऱ्याच भागात बंद पडते? आधी एवढं तपासा

घरात, इमारतीत, ऑफिसात 'काहीतरी चांगलं बघायला सांग ना' ही फर्माईश फिरून फिरून माझ्याकडेच येते. नावं सांगायला काय जातंय? सांगितलेली मालिका शेवटपर्यंत बघितली जाणं, तिथे घोडं अडतं, आणि बहुतेक वेळा ठरलेल्या चार-पाच जागीच अडतं. तेच ते सारखं दुरुस्त करून आता क्रम पाठ झालाय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

लक्षणं

- 'छान आहे गं, पण वेळच मिळत नाही.' वेळ न मिळणारी व्यक्ती त्याच आठवड्यात तासन्‌तास रील्स बघत असते.
- 'कंटिन्यू वॉचिंग'च्या ओळीत ती मालिका महिनोन्‌महिने अर्ध्या रेघेवर अडकलेली.
- पहिल्या भागाच्या मध्यावर मोबाइल हातात, आणि मग, 'हा कोण? हा मघाशी मेला ना?'
- जेवणं झाल्यावर अर्धा तास नुसतं वर-खाली, आणि शेवटी हास्यजत्रेचा जुना भाग.
- 'फार हळू आहे', 'अंधारच अंधार', 'काय पुटपुटतात कळत नाही'. या तीन तक्रारी आल्या तर खूश व्हा. बिघाड कुठे आहे ते समोरच्यानेच सांगितलेलं असतं.
- एकाच माणसाला काहीही सुचवा, टिकत नाही.

एखादी मालिका पडली तर सोडून द्यायचं. सगळ्यांना सगळं आवडत नाही. ओळीने तीन-चार पडल्या, तर मात्र नवं नाव सुचवत सुटू नका. बहुतेकदा मालिका ठीक असते, माणूसही ठीक असतो, मधलं काहीतरी सैल असतं. पहिल्या चार तपासण्या रिमोटवरच होतात, पैसा लागत नाही. पुढच्यांना बोलावं लागतं, ते जास्त अवघड.

१. मुळात भाग कोणता लागलाय?

हसू नका. एकच प्रोफाइल सगळं घर वापरत असेल तर हे हमखास होतं. रात्री कोणीतरी मालिका लावून झोपतं, पुढचे भाग आपोआप चालत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई रिमोट दाबतात तेव्हा थेट पाचवा भाग लागतो. त्यांना वाटतं मालिकाच अशी तुटक आहे. प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा आणि 'पुढचा भाग आपोआप' हे सेटिंग बंद ठेवा. आठवड्यातून एकदाच बघणाऱ्यांनी 'स्किप रीकॅप' दाबायचं नाही. मागच्या भागांची ती दीड मिनिटाची उजळणी त्यांच्यासाठीच असते.

क्रमाचाही घोळ असतो. 'रात्रीस खेळ चाले'चा पहिला सीझन २०१६चा, दुसरा २०१९चा, पण दुसऱ्यात गोष्ट पहिल्याच्या आधीची आहे. अण्णा आणि शेवंता ज्यांना मनापासून बघायचे आहेत त्यांनी दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. 'ट्रू डिटेक्टिव्ह'मध्ये प्रत्येक सीझनची गोष्ट आणि माणसं वेगळी, त्यामुळे पहिला बघा आणि हवं तर तिथेच थांबा. 'मनी हाइस्ट' स्पेनमध्ये २०१७ साली मोठमोठ्या १५ भागांत दाखवली गेली, नेटफ्लिक्सने तीच कापून २२ लहान भाग केले. कुठल्या यादीत १५ आणि तुमच्याकडे २२ दिसले तर घाबरू नका, काही चुकलेलं नाही.

२. आवाज

सगळ्यात जास्त मालिका इथे मरतात, आणि खापर फुटतं ते लेखकाच्या डोक्यावर.

कारण साधं आहे. हल्लीच्या मालिकांचा आवाज ५.१ पद्धतीने बांधलेला असतो. म्हणजे सहा वाटा, आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेने येतात. आपल्या टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली किंवा मागे तोंड केलेले. सहा वाटांचा आवाज दोनांत कोंबला की संगीत आणि स्फोट पुढे येतात, बोलणं मागे राहतं. त्यात पंखा चारवर, स्वयंपाकघरात कुकर. माझ्या मावशीकडे 'दिल्ली क्राइम' लावली होती. शेफाली शाह दबक्या आवाजात हुकूम देतेय म्हणून मावशीने आवाज पस्तीसवर नेला, लगेच गाडीचा सायरन वाजला, काका दचकून उठले आणि टीव्ही बंद.

उपाय, याच क्रमाने. भाग चालू असताना 'ऑडिओ आणि सबटायटल्स' उघडा. त्याच भाषेत ५.१ शिवाय दुसरा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड मोड बघा. 'सिनेमा' किंवा 'म्युझिक' असेल तर काढा आणि 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय लावा. पुढे सबटायटल्स. मराठी घरांत सबटायटल्स लावणं म्हणजे कमीपणा असं काहींना का वाटतं देव जाणे. 'पाताल लोक'मधली बुंदेली किंवा 'कोहरा'मधली पंजाबी आपल्यापैकी किती जणांना थेट कळते? लावा आणि अक्षरं मोठी करा. साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचा वेगळा लांबट स्पीकर, शेवटी, कारण त्याला पैसे पडतात. मावशीकडे त्याची गरजच पडली नाही.

३. चित्र

'का कोण जाणे, नाटक शूट केल्यासारखं खोटं वाटतं' असं कोणी म्हणालं तर टीव्हीचं मोशन स्मूदिंग चालू आहे. नाट्यमालिका बहुधा सेकंदाला २४ किंवा २५ चित्रांनी घेतलेल्या असतात. टीव्ही मध्ये स्वतःची चित्रं घुसवतो आणि सगळं गुळगुळीत दिसायला लागतं. क्रिकेटला ते ठीक, नाट्याला मारक. सोनीत त्याचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर एका दाबात काम होतं.

अंधाराची तक्रार असेल तर आधी वीज वाचवायला पडद्याचा उजेड कमी करणारा इको मोड काढा, मग खिडकीचा पडदा ओढा. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या सीझनमधली रात्रीची लढाई २०१९ मध्ये दाखवली तेव्हा काही दिसत नाही म्हणून जगभर ओरड झाली होती, तेव्हा आपल्या हॉलमध्ये दुपारी दोनला दिसलं नाही तर नवल नाही.

४. भाषा

डबिंग वाईट आणि मूळ भाषा थोर, असा एक उगाच पसरलेला समज आहे. मी माणूस बघते. जी बाई मालिका बघताना मटार सोलते किंवा इस्त्री करते, तिला सबटायटल्स वाचायला लावणं म्हणजे छळ. तिला हिंदी डब लावून द्या. जो डोळे लावून बसतो, त्याला मूळ भाषा. 'डार्क'सारखी जर्मन मालिका इंग्रजी डबमध्ये बघणाऱ्यांना माणसं लाकडी वाटतात, हे मी बऱ्याचदा ऐकलंय. जर्मन ऑडिओ लावला की तक्रार जाते.

आणखी एक रस्ता आहे, तो लोक विसरतात. पाकिस्तानी नाटकं. डब नको, सबटायटल नको, चार उर्दू शब्द अडले तरी अर्थ अडत नाही. 'जिंदगी गुलजार है' २६ भागांत पूर्ण संपते, तिथे सासू-सुनेची गोष्ट पाच वर्षं ताणत नाहीत. जुनं हवं असेल तर हसीना मोईन यांनी लिहिलेली १९८७ची 'धूप किनारे'. डेली सोपचा कंटाळा आलेल्या, पण इंग्रजी-कोरियनला हात न लावणाऱ्या पिढीवर हा उपाय सहसा लागू पडतो.

५. वेळ आणि शेजारी कोण

थोडक्यात. रात्री अकराला अणुभट्टीच्या स्फोटावरची 'चेर्नोबिल' लावायची नाही. आणि सासऱ्यांच्या शेजारी बसून 'सेक्रेड गेम्स' बघायची नाही. पहिल्या वीस मिनिटांत कोणीतरी पाणी आणायला उठतं आणि परत येत नाही. 'आवडली नाही' म्हणतात, पण खरं कारण संकोच असतो. एकत्र बघायची वेगळी आणि एकट्याने बघायची वेगळी, अशा दोन मालिका ठेवा.

६. लांबी

आपल्याकडे ज्यांची सवय डेली सोपवर घडली, त्यांचा मापदंड वीस-बावीस मिनिटांचा आहे. त्यांना तासाचा भाग दिला की मध्येच उठायची वेळ होते, आणि एकदा मध्येच उठलं की दुसऱ्या दिवशी 'कुठपर्यंत आलो होतो?' यातच उत्साह संपतो. म्हणून नाव सांगताना भागांची संख्याही सांगा. समोर शेवट दिसत असला की माणूस टिकतो.

पहिल्या सीझनपुरतं बोलायचं तर माझी शिडी अशी आहे. 'चेर्नोबिल' ५ भाग, आणि तेवढीच आहे. 'कोहरा' ६. 'दिल्ली क्राइम' ७. 'पंचायत' ८. 'पाताल लोक' ९. 'स्कॅम १९९२' १०. यातलं एखादं पूर्ण झाल्याशिवाय 'ब्रेकिंग बॅड'चे ६२ भाग कोणाच्या गळ्यात मारू नका. कोरियन 'रिप्लाय १९८८' माझी अतिशय लाडकी. सोलच्या एका गल्लीतली पाच कुटुंबं, जेवणाच्या वेळी एकमेकांकडे वाट्या घेऊन धावणारी पोरं. आपल्या चाळीत सहज खपतील. पण तिचे २० भाग आणि बरेचसे दीड तासाच्या आसपास. ती मी अशाच माणसाला सांगते ज्याने आधी एक कोरियन मालिका संपवली आहे.

ज्यांना सलग बघणं जमतच नाही, त्यांना सुटे भाग द्या. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली 'मालगुडी डेज', किंवा बासू चटर्जींची १९९३ची 'ब्योमकेश बक्षी', रजित कपूर असलेली. कुठूनही उघडा, बहुतेक गोष्टी त्याच बैठकीत संपतात.

७. शेवटची पूर्ण बघितलेली मालिका कोणती?

आतापर्यंत यंत्र, वेळ आणि लांबी झाली. इथून पुढे माणसाशी बोलायचं आहे, आणि माझा सगळा भरवसा याच एका प्रश्नावर आहे.

'तुम्हाला काय आवडतं?' असं विचारूच नका. लोक खोटं बोलत नाहीत, पण आपल्याला काय आवडायला हवं ते सांगतात. आमच्या मजल्यावरचे काका ठासून म्हणतात, 'मला थ्रिलर लागतं.' त्यांना लोकांनी एकापाठोपाठ एक थ्रिलर दिले, सगळे पहिल्या-दुसऱ्या भागात गार. मी विचारलं, शेवटपर्यंत काय बघितलंत? 'पंचायत', दोनदा. त्याआधी? खूप आठवून म्हणाले, 'वादळवाट' चुकवत नव्हतो. दोन्हीकडे खून किती आणि रहस्य किती? काकांना हवी आहेत ती ओळखीची माणसं, एक गाव किंवा एक घर, आणि भरपूर बोलणं. 'पंचायत'मधल्या फुलेरा गावाच्या कट्ट्यावर रघुवीर यादव आणि मंडळी दुधीभोपळ्याची देवाणघेवाण करतात, त्यात काकांचा जीव रमतो. त्यांना 'अग्निहोत्र' सांगितली. स्टार प्रवाहची, २००८ साली सुरू झालेली, वाडा, विखुरलेलं कुटुंब, जुनी भांडणं, आणि थ्रिलरची हौस भागावी एवढं रहस्य चवीपुरतं. काका आता जिन्यात भेटले की वाड्याबद्दलच बोलतात.

उलट उदाहरण. ऑफिसातली एक मुलगी, तिने लहानपणी आईबरोबर 'असंभव' बघितलेली, आणि ती अजून त्यातले धागे सांगते. पुनर्जन्म, मागच्या पिढीचं पाप या पिढीच्या दारात. तिला सगळे हलकंफुलकं काहीतरी सुचवत होते. तिला 'डार्क' द्यायची होती! छोटं गाव, चार कुटुंबं, ३३ वर्षांचे फेरे, कोण कोणाचा बाप हे कळेपर्यंत डोकं गरगरतं. तीन सीझन, २६ भाग, गोष्ट पूर्ण. सोबत कागद-पेन घेऊन बस आणि वंशावळ काढत जा, एवढं मात्र सांगितलं.

याच प्रश्नाला जोडून दुसरा, सोडली ती कुठे सोडली? पहिल्याच भागात सुटली तर आवाज, चित्र, भाषा किंवा सुरुवात, यांतलं काहीतरी. मध्यावर सुटली तर लांबी किंवा वेळ. शेवटचा एकच भाग बाकी ठेवून सुटली असेल तर बिघाड नाहीच. काही माणसांना आवडती मालिका संपवायची नसते. त्यांना टोचू नका.

८. सुरुवात जड आहे का?

काही मालिका पहिल्या भागात हात देत नाहीत. 'द वायर' त्यात पहिली. बाल्टिमोर शहर, पोलिस एकीकडे, गर्द विकणारी पोरं दुसरीकडे, वीस-पंचवीस नावं, आणि कोणी काही समजावून सांगत नाही. पाच सीझन, ६० भाग. प्रत्येक सीझनमध्ये शहराची नवी बाजू उघडते: गल्ल्या, गोदी, राजकारण, शाळा, वर्तमानपत्र. 'पुढे मजा आहे, धीर धर' हे सांगणं निरुपयोगी. काय बघायचं ते सांगा. मी सांगते की तिसऱ्या भागात डी'अँजेलो दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो. ती पोरं त्या पटावर चेकर्स खेळत बसलेली असतात. राजा कोण, वजीर कोण, आणि प्यादी लवकर मरतात, हे तो त्यांच्याच धंद्याच्या भाषेत समजावतो. त्या प्रसंगाला माणूस सरसावून बसला तर पुढचे ५७ भाग त्याचे. नाही बसला तर बंद करा, दोघांचाही वेळ वाचेल.

'ब्रेकिंग बॅड'ला ही अडचण कमी, कारण २००७-०८च्या लेखकांच्या संपामुळे पहिला सीझन ७ भागांतच आटोपला. चाचणीसाठी तेवढा पुरतो.

९. विषय नेमका दुखऱ्या जागेवर तर नाही?

ही तपासणी अवघड, कारण विचारणं बरं दिसत नाही. 'चेर्नोबिल'मध्ये किरणोत्सर्गाने भाजलेले अग्निशामक दवाखान्यात झिजत जातात आणि एकाची बायको उशाशी बसून राहते. ज्या घराने नुकताच कॅन्सर वॉर्ड बघितलाय त्या घरात ही मालिका कितीही थोर असली तरी नको. 'दिल्ली क्राइम' २०१२च्या प्रकरणावर आहे. अत्याचार पडद्यावर दाखवत नाहीत, तरी ऐकलेलं पुरे होतं. 'स्कॅम १९९२' बघायला धमाल, पण शेअर बाजारात पैसे बुडालेल्या मेहुण्याला नको.

थेट विचारता येत नसेल तर मालिका कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत सांगा आणि गप्प बसा. समोरच्याने विषय बदलला की तेच उत्तर.

१०. आपलीच जीभ

सगळं बरोबर असून मालिका टिकत नसेल तर सुचवणाऱ्याकडे बघा. 'आयुष्यात यापेक्षा भारी काही नाही' असं म्हणून दिलेली मालिका समोरचा परीक्षक होऊन बघतो. आणि शेजारी बसून 'आता बघ, आता बघ' म्हणत तोंडाकडे टक लावणाऱ्यांनी तर उठून स्वयंपाकघरात जावं. कितवा भाग झाला हे आठवडाभर विचारू नका. दोन नावं द्या, एक निवडू द्या.

थांबायचं कुठे, आणि कोणाला बोलवायचं

वरचं सगळं करूनही आणखी दोन मालिका सुटल्या तर थांबा. त्या व्यक्तीला मालिका आवडत नाहीत. तो दोष नाही, तिला तिची मॅच बघू द्या.

ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, असं असेल तर टीव्ही प्लगमधून काढून पाच मिनिटांनी लावा, मग साउंड सेटिंगमधला ऑडिओ डिले बघा. साउंडबार काढून, दोन-तीन वेगळ्या ॲपवरही तेच होत असेल तर मेकॅनिकला बोलवा. पडद्यावर उभ्या रेघा किंवा एक बाजू काळी पडली असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, थेट बोलवा. मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या पॉवर बोर्डात धक्का देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते.

घरातल्या एकाच माणसाला आवाज सतत वाढवावा लागतोय, आणि समोरासमोर बोलतानाही 'काय? काय?' होतंय, तर तो बिघाड टीव्हीचा नव्हे. साउंडबार घेऊ नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेऊन ऐकण्याची तपासणी करा. कानात मळ साचलेला असला तर काम तिथल्या तिथेच होतं. नसेल तर श्रवणयंत्राचं ते सांगतील.

आणि जो माणूस एरवी आवडीने बघायचा, त्याचं कशातच मन लागेनासं झालं, मालिका तर सोडाच, गाणी, गप्पा, खाणं, झोप सगळंच उतरलं, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर नवं नाव शोधत बसू नका. डॉक्टरकडे चला म्हणा, आणि सोबत जा. लगेच जाणं होत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.